मरणोन्मुखांच्या उशाशीं

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं मरणाविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु देवळाच्या बांधणीचा व शाळेच्या वाढीचा वृत्तांत आपण इतरांच्या मुखें ऐकलाच आहे. आमच्या वांट्यास आलेलें काम बरे न होणाऱ्यांच्या घरीं जाऊन बसण्याचें. तेव्हां आम्हांस दुसरें काय सांगतां येणार?

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत कर्करोगाचा संशय आला म्हणजे पुष्कळ लोक आगगाडीनें नागपूर गांठतात. कांहीं बरे होऊन येतात. कित्येकांस मात्र ‘आतां घरीं न्या’ एवढेंच ऐकून परतावें लागतें. मग सालेकसा किंवा देवरीकडील एखाद्या घराच्या ओसरीवर खाट पडते, आणि डॉक्टरांचे उपाय संपले म्हणजे सर्वांचेंच काम संपलें, अशी समजूत होऊन बसते. वस्तुतः शुश्रूषेचें काम तेथेंच सुरू होतें.

हें काम आम्हीं शोधून काढलेलें नव्हे. डॉ. सिसिली साँडर्स या प्रथम परिचारिका व पुढें डॉक्टर झालेल्या बाईंनीं १९६७ सालीं लंडन येथें सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलें. वेदना केवळ शरीराची नसते. कर्जाची काळजी, दुरावलेला मुलगा, देवाला विचारावयाचा राहून गेलेला प्रश्न, हींही तिचींच अंगें होत, असें त्यांचें शिकवणें होतें. आपल्या देशांत असें पहिलें शुश्रूषागृह, शांती अवेदना सदन, डॉ. डिसोझा यांनीं १९८६ सालीं मुंबईस वांद्रें येथें स्थापिलें. परंतु आमच्यासारख्यांस अधिक जवळचा कित्ता केरळचा. १९९३ सालीं कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयांत वेदनाशमनाचा दवाखाना निघाला, आणि पुढें त्या कामास शेजारींपाजारींच हातभार लावूं लागले. इमारत नव्हे, तर रोग्याचें घर हेंच त्यांचें रुग्णालय. तेथील सरकारनें २००८ सालीं या सेवेचें धोरणच ठरविलें.

मॉर्फिनच्या नांवानें घरोघर भय आहे. १९८५ च्या कायद्यानें तें मिळणें फार दुर्घट झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें तो जाच पुष्कळ कमी केला. औषध देणें हें आमचें काम नव्हे. मात्र तें वेदना उठण्याची वाट न पाहतां डॉक्टरांनीं नेमलेल्या वेळींच द्यावयाचें असतें, आणि त्यानें शौचास अडथळा होतो म्हणून त्याचीही तजवीज हवी, एवढें घरच्यांस समजावून सांगतों. कूस बदलणें, पाठीस जखमा पडूं न देणें, हें त्यांच्याबरोबर करून दाखवितों. रोगी बहुधा परधर्मीय असतात. त्यांनीं मागितल्यावांचून आम्ही तेथें प्रार्थना करीत नाहीं.

आरंभीं आमच्या हातून चुका झाल्या. एका शेतमजुरास आम्ही म्हणालों, “लवकर बरे व्हाल.” तो म्हणाला, “मग डॉक्टरांनीं घरीं कां पाठविलें?” आणि त्यानें भिंतीकडे तोंड फिरविलें. त्या दिवसापासून हें वाक्य आम्ही टाकिलें.

सर्वांत कठीण प्रसंग अन्नाचा. आपला हा धानाचा मुलूख. येथें माणूस उपाशी मेला यासारखा कलंक नाहीं. एक माता आपल्या तरुण मुलाच्या ओठांत चमच्यानें पेज ओतीत होती. त्याला गिळतां येईना, ठसका लागे, श्वास कोंडे. अखेरच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाहीं आणि बळेंच घातलेलें श्वासनलिकेंत जातें, हें डॉक्टरांनीं सांगितलेंच होतें. आम्हीं तिचा हात धरिला, व ओल्या कापसानें त्याचें तोंड पुसावयास तिला दाखविलें. तिनें तसें केलें. दोन दिवसांनीं तो गेला, आणि तिनें सर्वांसमक्ष आम्हांस बोल लाविला. आमच्यापैकीं दोघीजणींनीं त्या आठवड्यांत काम सोडलें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं.

तेरावा होईपर्यंत घर माणसांनीं भरलेलें असतें. आमच्यांतही महिन्याच्या मिस्सेपर्यंत लोक येतात. नंतर जो तो आपापल्या शेतावर जातो, आणि दुःखाची ओसरी सुनी पडते. म्हणून आम्ही दीड महिन्यानें पुन्हां जातों. ‘देवाची इच्छा’ असें म्हणत नाहीं. गेलेल्याचें नांव घेतों आणि ऐकत बसतों. (स्वस्थ बसणें बोलण्याहून कठीण, हें आम्हां बोलक्यांस उशिरां कळलें.)

त्या मातेकडेही भीतभीतच गेलों. तिनें पाणी दिलें आणि विचारलें, “बाई, पेज पाजूं दिली असती, तर पोरगा आणखी जगला असता का?” आम्ही म्हणालों, “नाहीं, माय. उपासानें तो गेला नाहीं. जात होता म्हणून त्याची भूक सरली.” पुढल्या खेपेस तिनें तेंच विचारलें व आम्हीं तेंच उत्तर दिलें. रोवणीच्या दिवसांत बांधावर भेटली, तेव्हांही तेंच. गेल्या महिन्यांत मात्र प्रश्न संपल्यावर ती आपण होऊन म्हणाली कीं, पलीकडच्या गल्लींत एक म्हातारा पडून आहे, त्याच्या सुनेला कूस बदलतां येत नाहीं. तुम्ही येतां का?

आम्ही गुरुवारीं तिच्यासह तेथें जाणार आहों. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर शाळेच्या पडवींत भेटावें. दोन जागा अजून भरावयाच्या आहेत.