न संपणाऱ्या सुरांना शेवट देताना



विज्ञानकथेवरचा एखादा व्हिडिओ गेम कोणाला इतका भावतो की तो त्या गेमसाठी आपणहून संगीत लिहायला बसतो, आणि तेही पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी. व्हायोलिन, चेलो, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, बासरी, सगळं. कोणत्या कंपनीनं सांगितलेलं नसतं, मानधन मिळायचं नसतं. असे रचनाकार जगभर आहेत. हे काम कसं चालतं आणि त्यातली खरी मेख कुठे आहे, त्याबद्दल आज बोलणार आहे.

आधी गेमचं संगीत वेगळं का असतं ते पाहू. चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंगाची लांबी सेकंदापर्यंत माहीत असते. दार केव्हा उघडणार हे ठरलेलं असतं. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो. तो क्षणभर थांबेल, नाहीतर दारासमोर तसाच उभा राहून चहा प्यायला उठून जाईल. तोवर संगीत चालू राहायला हवं. म्हणून तुकडा असा लिहितात की तो फिरून सुरुवातीशी बेमालूम जुळेल. शिवाय थर रचतात. शांत असताना नुसती तंतुवाद्यं. शत्रू दिसला की त्यावर तालवाद्यं चढतात, धोका टळला की उतरतात. 1978 साली जपानमधून आलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये खाली उतरणारे अवघे चार सूर होते. परग्रहावरचे शत्रू वेगानं सरकू लागले की त्या सुरांची लय वाढायची. संगीत खेळाच्या हाती देण्याची ही पद्धत इतकी जुनी आहे.

आता 'मास इफेक्ट'चं उदाहरण घेऊ. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं 2007 मध्ये त्याचा पहिला भाग काढला. दर पन्नास हजार वर्षांनी आकाशगंगेतल्या प्रगत संस्कृती पुसून टाकणारी रीपर नावाची यंत्रांची जमात, आणि तिला अडवायला निघालेला कमांडर शेपर्ड, अशी कथा. संगीतकारांमध्ये जॅक वॉल आणि सॅम ह्युलिक ही प्रमुख नावं. त्यांनी सिंथेसायझर मध्यभागी ठेवला. 1982 च्या 'ब्लेड रनर' चित्रपटातलं वँजेलिसचं संगीत आणि जर्मनीच्या टँजरीन ड्रीम या बँडचा ध्वनी त्यांच्यापुढे होता. या गेममध्ये आकाशगंगेचा एक नकाशा आहे. कुठल्या ग्रहावर जायचं ते तिथे निवडायचं. तो नकाशा उघडला की सिंथेसायझरची एक धून सुरू होते आणि नकाशा मिटेपर्यंत फिरत राहते. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांनी ती किती ऐकली असेल याला मोजमाप नाही. पण नकाशा मिटला की धून तुटते.

मला वाटतं, चाहत्याचं काम इथे सुरू होतं. मूळ संगीतकाराला शेवट लिहिता आला नाही, कारण शेवट खेळणाऱ्याच्या बोटात होता. चाहत्यावर ते बंधन नाही. तो त्या धुनेला कुठून तरी निघू देऊ शकतो, वाढवू शकतो, कुठेतरी पोचवू शकतो. ज्या रचनांमध्ये हे घडत नाही, जिथे तीच धून फक्त जास्त वाद्यांवर आणि जास्त जोरात ऐकू येते, त्या मला अपुऱ्या वाटतात.

सिंथेसायझरचं संगीत ऑर्केस्ट्रावर आणताना पहिली अडचण शरीराची असते. सिंथेसायझर दमत नाही. एकच आठ सुरांची साखळी तो तासभर तशीच वाजवेल. व्हियोला वाजवणाऱ्याचा हात भरून येतो, हॉर्नवाल्याला श्वास घ्यावा लागतो. म्हणून ती साखळी दोन गटांत वाटायची. एका गटानं सोडायच्या आधीच दुसऱ्यानं उचलायची, शेवटचा सूर दोघांनी मिळून वाजवायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. सिंथेसायझरचा खालचा घुमारा बेस क्लॅरिनेट आणि डबल बेस यांना मिळून देता येतो. मात्र खर्जात सूर एकमेकांना खेटून ठेवले की आवाज गढूळ होतो. तिथे अंतर हवं. आणि व्हायोलिनला सर्वांत खालच्या मोकळ्या तारेखाली सूरच नाही, हेही नवखे लोक विसरतात.

हे कसब आपल्याकडच्या कानांना अनोळखी नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते गोव्याहून आलेल्या अरेंजरांनी रुजवलं. शंकर-जयकिशन यांच्या चालींना सेबॅस्टियन डिसोझा यांनी व्हायोलिनचे ताफे दिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अरेंजर तर होतेच, शिवाय संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते. चाल एकाची आणि तिला वाद्यांचं अंग देणारा दुसरा, ही कामाची वाटणी आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत.

त्या अरेंजरांसमोर माणसं बसलेली असत. आजच्या चाहत्यासमोर संगणक असतो. त्यात खऱ्या वादकांचा एकेक सूर, मंद, जोरदार, छेडलेला, गजानं ओढलेला, असा ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. पण नुसते सूर मांडले तर ते पेटीवरच्या पट्ट्या दाबल्यासारखे सपाट वाजतात. प्रत्येक ओळीचा चढउतार कीबोर्डवरचं चाक हातानं फिरवून भरावा लागतो. बहुतेक वेळ यात जातो, आणि रचना जिवंत होते ती इथेच. संगणकाचा एक धोकाही आहे. खालच्या सुरातली बासरी तिथे चार ट्रॉम्बोनच्या वर सहज ऐकवता येते. सभागृहात ती कोणालाही ऐकू येणार नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अंतराळ म्हटलं की पहिल्या क्षणापासून ढोल, कोरस आणि तुताऱ्या, असा मोह फार जणांना होतो. पण गुस्ताव होल्स्टची 'द प्लॅनेट्स' ही ग्रहांवरची ऑर्केस्ट्रा-रचना पाहा. ती 1918 मध्ये लंडनमध्ये प्रथम वाजली. तिच्यातला मंगळ सुरू होतो तो पाच मात्रांच्या ठेक्यावर, आणि वादक गजाच्या लाकडानं तारांवर आघात करत असतात, हळू आवाजात. नेपच्यूनच्या शेवटी पलीकडच्या खोलीत बसवलेला स्त्रियांचा कोरस विरत जातो. अंतर किती अफाट आहे हे तिथे मंद आवाजातून कळतं. 'मास इफेक्ट'च्या 2012 च्या तिसऱ्या भागात पृथ्वीवर हल्ला होतो, तेव्हा संगीतकार क्लिंट मॅन्सेल यांनीही पियानोचे मोजके सूर ठेवले. पडद्यावर शहर जळत असताना ते ऐकवत नाहीत.

हक्कांबद्दल थोडं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार दुसऱ्याच्या धुनेची वाद्यांसाठी नवी मांडणी करणं हेही मूळ हक्कदाराच्या अधिकारात येतं. तेव्हा मूळ धून वापरली असेल तर संगीतकाराचं नाव ठळकपणे द्या, आणि परवानगीशिवाय विकू नका. गेमच्या जगावरून सुचलेली, पण संपूर्ण स्वतःची चाल लिहिलीत तर ती चाल तुमची.

ज्यांना हे करून पाहायचं आहे, त्यांनी म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं आणि आवडत्या गेममधली एकच धून निवडावी. पूर्ण ऑर्केस्ट्रा नको. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, एवढ्यांसाठी तीन मिनिटांचं लिहा, शेवटासकट. आणि संगणकावर ऐकून समाधान मानू नका. तुमच्या शहरात नोटेशन वाचून वाजवणारे कोणी असतील तर त्यांच्यासमोर तो कागद ठेवा आणि त्यांना वाजवायला सांगा.