फुल्यांच्या घरचे पाणी
(पुणे येथील महात्मा फुले वाडा पाहण्यास निघालेल्या उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



उद्या सकाळी आपण सर्वजण पुण्याच्या गंज पेठेतील एक घर पाहावयास जाणार आहोत. त्या पेठेस आता महात्मा फुले पेठ म्हणतात. निघण्यापूर्वी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा झाली, म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे. आपण बुद्धाचा मार्ग स्वीकारला आहे. वास्तूपुढे नारळ फोडावा, नवस बोलावा आणि परत फिरावे, हे आपल्या मार्गात बसत नाही. तेव्हा त्या घरी जावयाचे ते कशासाठी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले. १९४६ साली प्रसिद्ध झालेला शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ त्यांनी जोतीराव फुले यांनाच अर्पण केला. ज्यांना बाबासाहेबांनी गुरू म्हटले, त्यांचे हे राहते घर. आज शासनाने ते संरक्षित स्मारक म्हणून जतन केले आहे.

पुण्यात वाडे पुष्कळ झाले. पेशव्यांच्या शनिवारवाड्याचे मुख्य महाल १८२८ च्या आगीत जळाले. उरला तो तट आणि दरवाजे. तो वैभवाचा वाडा होता. फुल्यांचे घर तसे नाही. तेथे सिंहासन नाही, नगारखाना नाही. ज्यांचे पूर्वज त्या शहरात सावली पडेल म्हणून अंग चोरून चालले, त्यांनी त्या घरात जाऊन पाहावे असे एकच आहे, आणि ते म्हणजे पाणी.

पेशवाईत अस्पृश्याने थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून आणि पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेस झाडू लावून पुण्यात फिरावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. पेशवाई १८१८ साली संपली. राज्य गेले, पण पाणवठे बंदच राहिले. अशा त्या शहरात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरच्या पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज त्या आवारात विहीर आहे. तिच्याजवळ उभे राहून या प्रसंगाची आठवण करावी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या गळ्यात मडके अडकविले होते, त्यांच्या लेकीसुना त्या घरी मडके भरून घेऊ लागल्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्याच्या एकोणसाठ वर्षे आधी घडलेली ही गोष्ट आहे.

या दोन घटनांतील भेद मात्र आपण विसरता कामा नये. चवदार तळे सार्वजनिक होते. तेथे आपल्या लोकांनी आपला हक्क बजावला. कोणाची मेहरबानी मागितली नाही. फुल्यांचे पाणी घरचे होते. ते खुले करण्यास त्यांना कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. त्यांनी आपला उंबरठाच मोडला. हक्क घेणाऱ्याला धैर्य लागते, तसेच आपल्या घरातील श्रेष्ठत्वाचा अभिमान सोडणाऱ्यालाही लागते. समता येण्यास ही दोन्ही धैर्ये हवीत.

आणि हे करणारे घर सुखवस्तू, निर्वेध संसाराचे नव्हते. मुलींना शिकविण्याच्या अपराधासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई यांना १८४९ साली वडिलांचे घर सोडावे लागले होते. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. जे स्वतः बेघर झाले, त्यांनीच पुढे आपले घर इतरांसाठी मोकळे केले. फसविल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ साली बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. त्यांच्या अस्थी याच आवारात आहेत. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता देह ठेवला.

हे घर टिकले, म्हणून आपण ते मुलाबाळांना दाखवू शकतो. जी टिकली नाहीत त्यांची गोष्ट निराळी. १८४८ साली ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तो जीर्ण होत गेला आणि त्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. अखेर २०२३ साली तो पाडण्यात आला. तेथे स्मारक उभारण्याचे ठरले आहे, आणि ते व्हावेच. परंतु ज्या भिंतींनी त्या मुलींचा पहिला पाठ ऐकला, त्या भिंती परत येणार नाहीत. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला आणि जपला गेला, म्हणून आज आपणांस तिचे शब्द वाचता येतात. जे जपले जात नाही, ते घडलेच नाही असे म्हणावयास लोक मोकळे होतात.

म्हणून मी आपल्याकडे दोन गोष्टी मागतो.

पहिली अशी. आपल्या झोपडीचे कोणी स्मारक करणार नाही. पण घरात एक पेटी ठेवा. तीत दीक्षेच्या दिवशीचे छायाचित्र ठेवा, घरातील पहिल्या शिकलेल्या मुलाचा किंवा मुलीचा शाळेचा दाखला ठेवा. आजी जिवंत असेल तर तिच्याजवळ बसा. कोणत्या गावी, कोणत्या विहिरीवर तिला पाणी भरू दिले नाही, ओंजळीत वरून पाणी कोणी ओतले, हे तिच्या तोंडून ऐका आणि गावाच्या नावासह लिहून काढा. गावचा इतिहास पाटलाच्या दप्तरातच असतो असे नाही. तो त्या आजीजवळही असतो.

दुसरी गोष्ट कडू आहे, रागावू नका. आपण चौदा ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञा म्हणतो, जातिभेद मानणार नाही असे हात जोडून सांगतो. मग सोयरीक जुळविताना सोमवंशी की लाडवण, हे अजूनही का विचारतो? मातंग किंवा भंगी शेजारी दारात आला, तर त्याला आपल्याच पेल्यातून पाणी देतो की बाजूला ठेवलेल्या भांड्यातून? याचे उत्तर मला देऊ नका. उद्या त्या विहिरीच्या काठी उभे राहाल, तेव्हा स्वतःला द्या.

ते उत्तर खरे निघाले, तर आपली फेरी सार्थकी लागली. नाही तर आपण एक जुने घर पाहून आलो, एवढेच होईल.

जयभीम.