डोळा आणि भीड



बर्फावरील हॉकीत चेंडू नसतो. रबराची टणक चकती असते. जोराच्या फटक्यासरशी ती ताशी १५० किलोमीटरांहून अधिक वेगाने सुटते. शिरस्त्राणाला डोळ्यांपुरता पारदर्शक पडदा बसवता येतो. त्याला व्हायझर म्हणतात. २००० साली टोरंटोचा ब्रायन बेरार्ड त्यावाचून खेळत होता. प्रतिपक्षाची काठी लागली आणि एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलीच.

मग धंदेवाईक खेळाडूंवर पडद्याची सक्ती करावी काय? विरोधक म्हणतात, पडद्याने नजरेला अडथळा होतो. शिवाय डोळा ज्याचा, निर्णयही त्याचाच. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण हा निर्णय खेळाडू एकटा घेतो कोठे? सोबती उघड्या चेहऱ्याने उतरत असता पडदा लावणारा भित्रा ठरतो. म्हणून मनात असूनही तो लावीत नाही. नियम सर्वांना सारखा झाला, की ही भीडच उरत नाही. अशी सक्ती स्वातंत्र्य हिरावीत नाही, भिडेतून सोडवते.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने २०१३ साली सक्ती केली. पण २६ पेक्षा कमी सामने खेळलेल्यांवरच. जुन्यांना मुभा राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मार्क स्टालच्या डोळ्यावर चकती आदळली होती. तो तर शेकडो सामने खेळलेला! म्हणजे ज्याला इजा झाली, त्यालाच नियमातून सूट. आम्हांस ही सूट पटत नाही. अनुभवाने हात तयार होतो. बुबुळ काही टणक होत नाही.