शिक्षकांशी संवाद, मुलांशी संवाद

(भोर व वेल्हे परिसरातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोरील भाषण)



भोरचा पश्चिम भाग आणि वेल्हे, म्हणजे आजचा राजगड तालुका, येथील वाड्यावस्त्यांवरील पुष्कळ शाळा दोन शिक्षकांच्या आहेत. चार-पाच इयत्ता दोघांनी सांभाळावयाच्या, तर सारा वेळ फळ्यापाशी उभे राहून शिकविणे अशक्यच. मुलांनी परस्परांना विचारावे, शिकवावे आणि शिक्षकाने त्यास दिशा द्यावी, हाच व्यवहार्य मार्ग होय. पण त्यासाठी आपण शिक्षकांना तयार कसे करतो? दिवसभर भाषणे ऐकवून! ज्याला शिबिरात प्रश्न विचारू दिला नाही, त्याने वर्गात मुलांना बोलते करावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

पुणे जिल्ह्याला हा विचार नवा नाही. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यास आली. डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ पासून तिने जिल्ह्यातील खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी सायंकाळचे अनौपचारिक वर्ग चालविले. दिवसा गुरे राखणारी, भावंडे सांभाळणारी मुले-मुली तेथे येत. शिकविणारे बहुधा गावातलेच. म्हणून त्यांचे प्रशिक्षण एका शिबिरात संपवून चालण्यासारखे नव्हते. वर्गात काय अडले, यावर पुन्हापुन्हा एकत्र बसावे लागे. माझ्या मते अशी बैठक पदवीहून मोलाची.

संवाद म्हणजे गप्पा नव्हेत. समजा, एक गुरुजी म्हणाले, "मुले बोलतच नाहीत." व्याख्याता त्याची पाच कारणे सांगेल. सुलभक विचारील, "आपण प्रश्न कोणता केला होता?" तो "समजले का?" असा असेल, तर "हो" याखेरीज उत्तर येणार नाही. मग शेजारच्या बाई सांगतील, "मी विचारले, लावणीच्या वेळी खाचरात पाणी किती ठेवतात? कधी न बोलणाऱ्या मुलीने दोन बोटे आडवी धरून दाखविली." तेथून मापनाचा धडा सुरू होतो. हे उत्तर आधी ठाऊक असावे लागत नाही. ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते. आम्हा अधिकाऱ्यांना तेच जड जाते.

तेव्हा केंद्राच्या शिक्षण परिषदेत निदान एक तास व्यासपीठावरून कोणी बोलू नये. प्रत्येक शिक्षकाने आपल्याला अडलेली एक गोष्ट मांडावी. त्यावरून कोणाच्या नावे शेरा पडणार नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आधीच जाहीर करावे. पावसाळ्यात ही बैठक जवळच्या शाळेत भरवावी, आणि त्या दिवशी मुलांकडे पाहण्याची सोय पंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने करावी.