सरबत आणि शराब

‘सरबत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. अरबीत ‘शरिबा’ म्हणजे तो प्याला. याच धातूपासून ‘शराब’ झाली. मूळ अरबीत शराब म्हणजे नुसते पेय. नशेचा अर्थ तिला नंतर चिकटला. तेव्हा सरबत आणि शराब ही सख्खी भावंडे. एक घरात राहिले, दुसरे गुत्त्यावर गेले.

अशीच गोष्ट ताडामाडाच्या शेंड्यावर घडते. पहाटे उतरवलेली नीरा गोड आणि निर्मळ. ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. तीच उन्हात आंबली की तिची ताडी, माडी होते. रस तोच, फरक वेळेचा!

आपल्या पेयांना ऋतूची आणि मातीची फार चांगली जाण आहे. कैरी उकडून, गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घातलेले पन्हे चैत्रात हळदीकुंकवाला हवेच. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ ते परत देते. कोकणात आगळाच्या आंबटपणाला नारळाचे दूध मवाळ करते आणि सोलकढी होते. देशावर ताक. दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना ते सोसते, कारण विरजताना दुधातली काही साखर आंबून जाते. रमजानमध्ये रोजा सुटतो तो खजूर आणि पाण्यावर. मग येते फुगलेल्या सब्जाचे गार सरबत.

आता बाटलीबंद कोला गावोगावी पोचला आहे. 300 मिलिलीटरमध्ये सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. पन्ह्यातही गूळ असतो, नाही असे नाही. पण तो किती घालायचा हे आपल्या हाती असते.

मला मात्र चवीपेक्षा मोठी वाटते ती देण्याची रीत. इ.स. 680 मध्ये करबलाच्या वाळवंटात इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना फुरात नदीचे पाणी तोडले गेले. त्या तहानेच्या आठवणीत मोहरममध्ये सबील लागते. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी, सरबत दिले जाते. चैत्र-वैशाखातली पाणपोई हेच काम करते. दोन्हीकडे रांजण थंड असतो आणि पेला कुणाचा, असे विचारायचे नसते.

पण हे विचारले गेले आहे, हेही विसरता येत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, ते तहान लागली म्हणून नव्हे. माणूस म्हणून ते पिण्याचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी. सगळ्या सरबतांचे, पन्ह्यांचे मूळ तेच साधे पाणी आहे.

म्हणून दारी आलेल्याच्या हाती आधी पेला द्यावा. नाव मागाहून विचारले तरी चालते.