घराची उंची कागदावर



आपले घर पुराच्या पाण्यापासून किती वर आहे, याची लेखी नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. अशा वेळी एकाच आळीत एकाच्या घरात गुडघाभर पाणी येते आणि शेजाऱ्याच्या उंबरठ्यालाच टेकून राहते. हा फरक जोत्याच्या उंचीचा.

अमेरिकेत १९६८ साली राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा झाला. तेथे या उंचीचा रीतसर दाखला असतो, त्याला एलेव्हेशन सर्टिफिकेट म्हणतात. परवानाधारक सर्व्हेअर, इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट ज्ञात उंचीच्या खुणेपासून मोजणी आणतो आणि सर्वांत खालची जमीन, भोवतालची माती, घराची यंत्रसामग्री कोणत्या पातळीवर आहे ते लिहून सही करतो. सोबत घराचे फोटो लावतात. मग हे आकडे त्या जागेच्या पूरपातळीशी ताडून पाहतात. ऑक्टोबर २०२१पासून तेथे हप्ता ठरविण्यासाठी हा दाखला सक्तीचा राहिलेला नाही. पण दाखल्याने हप्ता कमी होत असेल, तर मालक तो देऊ शकतो.

मोजणी रस्त्यापासून का नाही? रस्ता दर डांबरीकरणाला चढतो! आज रस्त्यापेक्षा दोन फूट वर असलेले जोते वीस वर्षांनी रस्त्याच्या बरोबरीला येते, आणि कागदावर मात्र "दोन फूट" तसेच राहतात. म्हणून उंची समुद्रसपाटीपासून धरावी. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कच्या खुणा त्यासाठीच आहेत.

विद्यार्थ्यांनो, तेथील पूरपातळी म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शेकडा १ असलेला पूर. लोक त्याला "शंभर वर्षांचा पूर" म्हणतात आणि निर्धास्त होतात. गणित करून पाहा. ०.९९ला स्वतःने तीस वेळा गुणा, उत्तर सुमारे ०.७४ येईल. म्हणजे तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा २६. तीस वर्षे म्हणजे एका घराच्या कर्जाची मुदत!

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. १ एप्रिल २०२१पासून आलेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पुराचे नुकसानही येते. आपल्याकडे उंचीचा दाखला मागण्याची सर्वसाधारण पद्धत नाही. पण पाणी कुठवर आले, हे नुकसानीची पाहणी करणाऱ्याला दाखवावे लागतेच, आणि भिंत रंगवल्यावर कोणाला काय दाखविणार?

आखाती देशांत घाम गाळून खाडीकाठी घर बांधणाऱ्या बंधूंनी बांधकामाच्या वेळीच इंजिनिअरकडून जोत्याची उंची समुद्रसपाटीपासून लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावी. फरशी बसल्यावर फोटो काढावा. पूर ओसरला की भिंतीवरील डाग पुसण्यापूर्वी त्यावर तारीख घालावी, टेप धरून फोटो घ्यावा. कागदांची एक प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. कपाटातील सर्वांत खालचा खण आधी भिजतो.

मुलांनी पारदर्शक नळीत पाणी भरून शेजारच्या पूरखुणेपासून आपल्या उंबरठ्यापर्यंतचा फरक मोजावा; गवंडी हेच करतात. नळीत बुडबुडा राहिला तर मोजणी चुकते, एवढे सांभाळा. सरकारी कामाला मात्र सर्व्हेअरची सहीच लागेल.