वारसा जपताना : एका बंदुकीच्या निमित्ताने

(खंडेनवमीनिमित्त योजलेल्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. शेतकरी नांगर-कोयता मांडतो, सुतार रंधा-पटाशी मांडतो, आणि माझ्यासारखा लेखणीवर पोट भरणारा माणूस दौत-लेखणीला फूल वाहतो. काही घरांत मात्र या दिवशी माळ्यावरून किंवा कपाटातून एक लांबट गाठोडे खाली येते. त्यात आजोबा-पणजोबांची तलवार असते. क्वचित बंदूक असते. पूजा होते, मुले कुतूहलाने बोट लावून पाहतात आणि संध्याकाळी ते गाठोडे पुन्हा जागेवर जाते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या वस्तूचे काय होते, याविषयी मला आज बोलायचे आहे. विशेषतः बंदुकीविषयी. कारण तलवार गंजली तरी तलवारच राहते. बंदुकीचे तसे नाही. तिच्याबरोबर कायदा येतो, धोका येतो, आणि घरातल्या माणसांचे तिच्याशी जडलेले नातेही येते.

महाराष्ट्रात, आणि त्यातही कोकणात, घरोघरची बंदूक म्हणजे शिकारीचा शौक नव्हे. ती ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर बोळा, मग छर्रे, आणि लाकडी वा लोखंडी गजाने ते सारे ठासायचे. घोड्याखाली केप बसवायची आणि चाप ओढायचा. भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. त्यांना पिटाळण्यासाठी रात्री माचावर बसून हवेत बार काढणे, हे या बंदुकीचे मुख्य काम. १९५९च्या शस्त्र अधिनियमातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे ही बंदूक आपल्या कृषिजीवनाचे एक अवजार आहे.

हिरावलेले आणि राखलेले

१८५७च्या समरानंतर इंग्रज सरकारने या देशातील जनतेला निःशस्त्र करण्याचे धोरण आखले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८मध्ये, शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा हिंदी माणसासाठी गुन्हा ठरला. युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. सामान्य घरात बंदूक टिकली ती परवान्याच्या कागदामुळे. स्वातंत्र्यानंतर १९५९चा अधिनियम आला, तो १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला, आणि थोड्याफार बदलांसह आजही तोच लागू आहे.

याला एक लक्षणीय अपवाद कर्नाटकातील कोडगूचा. कोडवा समाजाला इंग्रजी अमदानीत मिळालेली परवान्यातील सूट स्वतंत्र भारताच्या सरकारनेही चालू ठेवली. २०१९मध्ये ती २०२९पर्यंत वाढविण्यात आली. त्यांच्या कैलपोढ या सणाला बंदुका स्वच्छ करून देवघरापाशी मांडतात आणि कळलावीच्या फुलांनी सजवतात. घरात मुलगा जन्मला की एक बार काढायचा, घरातले माणूस गेले की दोन, अशी त्यांची रीत सांगतात. एका समाजाने बंदुकीला कुटुंबाच्या जन्ममरणाशी असे बांधून घेतले आहे. आपल्याकडे अशी सूट नाही; पण माया तीच आहे. म्हणूनच ही वस्तू जपायची कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आधी कागद, मग लोखंड

बंदुकीच्या जीर्णोद्धाराची पहिली पायरी कानस-पॉलिश ही नसून परवाना ही आहे. परवानाधारक वारला की त्याच्या नावचा परवाना त्याच्याबरोबर संपतो. मुलांना वाटते, वडिलांची वस्तू, घरातच आहे, हरकत काय? हरकत आहे. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. आणि तीत एक मोलाची सोय आहे, जी अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली, किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर तो हयातीतच आपला वारस सुचवू शकतो. ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी परवानाधारक आहेत, त्यांनी हा विषय त्यांच्याशी आजच काढावा. इतर वारसांची संमतीही त्यांच्यासमोर, प्रेमाने घेता येते. पुढे हेच काम भावंडांच्या रुसव्याफुगव्यांत अडकते आणि बंदूक वर्षानुवर्षे ठाण्याच्या कोठडीत पडून राहते.

आणखी तीन गोष्टी. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. वारशाने आलेली त्यातच मोजली जातात. दुसरे, ‘जुनी आहे, म्हणून परवाना नको’ हा समज चुकीचा आहे. जी वस्तू दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालूच शकणार नाही, अशाच जुन्यापुराण्या शस्त्राला कायदा वगळतो. जिचा घोडा सुधारला की बार निघेल, ती शंभर वर्षांची असली तरी बंदूकच. तिसरे, परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आजोबांची आठवण सोबत न्यावीशी वाटते. परंतु १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांवरील पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आठवण न्यावी, वस्तू इथेच राहू द्यावी.

दुरुस्ती म्हणजे नवेपणा नव्हे

कागद हाती आले की बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. दुरुस्तीच्या धंद्यालाही कायद्याने परवाना लागतो. हा कारागीर सर्वांत आधी काय करतो? गज नळीत सोडतो, तोंडापाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीवर धरून मोजतो. गज तळापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ठासलेली पण न उडवलेली बंदूक पूर्वी घराघरांत टांगलेली असे. आणि काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेट घेते. म्हणून माळ्यावरची बंदूक ‘रिकामीच असणार’ असे धरून चालू नये, तिचा घोडा ओढून पाहू नये, आणि ती रिकामी करण्याचा प्रयोग घरी तर मुळीच करू नये.

पुढचा प्रश्न गंजाचा. गंज दोन प्रकारचा दिसतो. तांबडा, भुरभुरणारा गंज लोखंड खात असतो. तो थांबवलाच पाहिजे. तेल आणि अगदी मऊ पोलादी लोकर यांनी तो हळूहळू निघतो. दुसरा असतो काळसर-तपकिरी, घट्ट बसलेला थर. तो पन्नास-शंभर वर्षांच्या हाताळणीने आलेला असतो आणि लोखंडाचे पांघरूण होऊन बसलेला असतो. हौशी माणूस पॉलिश कागद घेऊन तोही घासून काढतो, नळी आरशासारखी चकचकीत करतो आणि आनंदतो. त्या एका दुपारी शंभर वर्षे पुसली जातात. शिवाय नळीवरचा क्रमांक, बनविणाऱ्याची खूण ही ओळख घासून गेली, तर ते नुसते नुकसान राहत नाही; ओळखीच्या खुणा नष्ट करणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

लाकडी दस्त्याचेही तसेच. वॉर्निशचा जाड थर देऊन तो नव्या खुर्चीसारखा दिसू लागतो. त्याऐवजी स्वच्छ करून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात तळव्याने चोळावा, वाळू द्यावा, पुन्हा चोळावा. काम आठवड्यांचे आहे. पण लाकूड त्याने जिवंत दिसते. आपल्या दमट हवेत बंदूक कातडी पिशवीत किंवा कापडात गुंडाळून ठेवू नये. ओल आत कोंडते. आणि माताभगिनींना एक विनंती. पूजेच्या दिवशी हळद-कुंकवाचे ओले बोट लोखंडाला लावून ती वस्तू वर्षभर तशीच ठेवली, तर बरोबर त्या बोटाएवढा गंजाचा डाग पडतो. गंधफूल दस्त्याला वाहावे, आणि संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. तीही पूजाच आहे.

पितळेची पट्टी

आमच्या घरी अशी एक एकनळी बंदूक आहे. आजोबांना ती शेतीसंरक्षणासाठी मिळाली; पुढे वडिलांच्या नावे आली. वडील गेल्यावर ती ठाण्यात जमा झाली आणि धाकट्या भावाच्या नावे परवाना होईपर्यंत दोन पावसाळे तिथेच राहिली. परत आली तेव्हा नळी तांबडी पडली होती आणि घोडा जाम झाला होता. दस्त्याची मान, म्हणजे जिथे तो नळीला मिळताना निमुळता होतो ती जागा, पूर्वीच कधीतरी तडकलेली होती आणि तिच्याभोवती ओबडधोबड पितळी पट्टी ठोकलेली होती. खिळेही एका मापाचे नव्हते. भावाचे म्हणणे, दस्ता बदलूनच टाकू. अक्रोडाचा नवा, सुबक बसवू.

कोल्हापुरातल्या वृद्ध कारागिराने पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “हे कोणी केलंय, घरात कुणाला माहीत आहे का? आधी विचारून या. दस्ता काय, केव्हाही बदलता येईल.”

घरात ते सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते, आमची आत्या. तिला फोन लावला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, ती पट्टी आईच्या तांब्याची.” एका पावसाळी रात्री आजोबा डुकरांमागे धावताना बांधावरून घसरले. पाय मुरगळला आणि बंदूक दगडावर आपटून मानेत तडकली. भात कापणीला आलेले, तालुक्याला जाऊन दुरुस्ती करायला ना वेळ ना पैसा. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने माहेरहून आणलेला, बुडाला गळणारा पितळी तांब्या गावातल्या लोहाराच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “ह्याची पट्टी मार. औंदाचं भात घरात येऊ दे.” आजी त्यानंतर फार वर्षे राहिली नाही. तिचा फोटो आमच्याकडे नाही. तिने वापरलेली एकही वस्तू घरात उरलेली नाही, असे आम्ही सारे समजत होतो.

दस्ता बदलला नाही. कारागिराने तड आतून सांधली, पट्टी होती तशी ठेवली आणि तिला लिंबू-चिंच लावून चमकवायचीही नाही, असे बजावले. ज्या बंदुकीला आम्ही आजोबांची म्हणत होतो, ती आजीचीही निघाली. आत्याला एका प्रश्नासाठी फोन केला नसता, तर आजीची ती एकमेव खूण भंगारात गेली असती.

लिहून ठेवा

मित्रहो, वस्तूची कथा तिच्याबरोबर न टिकल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२४च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली. दर्शनाला लोक लोटले, डोळे पाणावले. परंतु ती छत्रपतींनीच वापरलेली होती काय, हे निश्चित सांगता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. श्रद्धा अढळ असली, तरी साखळीतले दुवे लिहिलेले नसले की पुरावा अपुरा पडतो. याउलट २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार मिळवली. तिची ओळख पटली, कारण पात्यावर देवनागरीत नाव कोरलेले आहे. एखाद्या मालकाने कधी ‘स्वच्छता’ करताना ती अक्षरे घासून टाकली असती, तर तलवार कोणाची हे आज कोण सांगू शकले असते?

पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजाच्या स्मृतीसाठी संग्रहालय उभारले आणि १९७५मध्ये ते शासनाच्या हवाली केले. त्यात शस्त्रे आहेत, तसे दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातली भांडीही आहेत. सामान्य घरातली वस्तूही इतिहास सांगते, हे त्यांनी ओळखले होते.

आपण प्रत्येकजण संग्रहालय उभारू शकणार नाही. पण एक वही घालू शकतो. घरात वारशाची बंदूक, तलवार, काहीही असेल, तर ती कोणी, कधी, कशासाठी आणली. कोणाच्या हातून कोणाकडे आली. कुठे मोडली, कोणी जोडली. परवान्याच्या नोंदी कोणत्या, हे लिहून ठेवा. खुणांची छायाचित्रे त्यात चिकटवा. ज्यांना आठवते त्यांना विचारा, आणि लवकर विचारा. बंदुकीला तेल पुढच्या महिन्यातही देता येईल. आमची आत्या आज ब्याण्णव वर्षांची आहे. तुमच्याही घरी अशी कोणी असेलच. या सुटीत त्यांच्याजवळ जाऊन बसा.